आधी इंजिनाचा श्वास मोकळा करा, मग पॅकिंग बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या रॅल्या सुरू होतात आणि वृत्तपत्रांतून चकचकीत बॉनेटांची छायाचित्रं येऊ लागतात. छायाचित्रात येत नाही तो गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा. अ‍ॅम्बॅसेडरखाली तर तो असतोच. मालकाला विचारलं तर 'गळतंय म्हणजे आत तेल आहे' हा ठरलेला विनोद ऐकायला मिळतो आणि मिस्त्रीला विचारलं तर 'ही गाडी गळणारच, साहेब' हे ठरलेलं उत्तर. हे उत्तर इंजिनाच्या एकाच जागेपुरतं खरं आहे. बाकीच्या सात-आठ जागांची गळती बंद होते आणि बंद राहते. तरीही वर्षातून दोनदा पॅकिंगं बदलून पैसे वाया जातात, कारण काम उलट्या क्रमानं केलं जातं. तो क्रम सुलटा करता यावा म्हणून हे थोडं लांबलेलं पत्र.

हे सगळं १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. हिंदुस्थान मोटर्सनं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्डवरून अ‍ॅम्बॅसेडर बांधायला घेतली. सुरुवातीच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाच्या जागी लवकरच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन आलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) ८८.९ मिमी, क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंगं. एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही हेच घराणं होतं, त्यामुळे त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आपल्याला बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतं. नव्वदच्या दशकात आलेलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन पूर्ण वेगळं, त्याचा इथं संबंध नाही.

आता मूळ मुद्दा. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या कुंडीत, उतरतोच, नव्या इंजिनातसुद्धा. त्याला बाहेर पडायला वाट हवी. या इंजिनात अशा दोन वाटा, म्हणजे ब्रीदर, आहेत: रॉकर कव्हरवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरच्या) तोटीतून रबरी पाइपानं एअर क्लीनरकडे, आणि बाजूच्या पुढच्या झाकणावरून खाली लोंबणाऱ्या नळीतून उघड्यावर. गाडी पळत असताना खालून जाणारा वारा त्या नळीच्या तोंडाशी ओढ निर्माण करतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ही ओढ नसते. म्हणजे शहरी वापरात हे इंजिन मुळातच कोंदटलेलं असतं. त्यात नळीच्या मुळाशी असलेली जाळी काळ्या गाळानं बुजलेली असते, आणि रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत त्यावर पाणी मिसळलेल्या तेलाची पिवळट सायही धरते. वाट बंद झाली की दाब वाढतो, आणि तो दाब जिथं पॅकिंग सर्वांत अशक्त असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. एक जागा बंद केली की तो दुसरी शोधतो. 'वरचं बंद केलं तर आता मागून गळायला लागलं' ही तक्रार इथूनच येते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक एअर क्लीनरच्या बदलातून होते. जुना तेलाच्या कुंडीचा क्लीनर काढून कोरडा, कागदी फिल्टरचा क्लीनर बसवला जातो. त्याला रॉकर कव्हरकडून येणारा पाइप जोडायला तोटीच नसते. मग तो पाइप काढून त्यात एक बोल्ट कोंबून वर क्लिप आवळतात. काम नीटनेटकं दिसतं, पण इंजिनाचं एक नाक त्या दिवशी बंद होतं. दुसरी चूक ऑइल भरायच्या झाकणाची: मूळ झाकणात जाळी आणि हवेची भोकं असतील तर त्या जागी बाजारातलं बंद झाकण बसवू नये.

म्हणून पहिलं काम पॅकिंग आणणं नव्हे. दोन्ही पाइप काढा आणि फुंकून पाहा. फुंकर अडखळली तरी पाइप बाद समजा, आतून फुगलेलं रबर बाहेरून कळत नाही. जाळी असलेलं झाकण रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं घासून वाळवा. लोंबणारी नळी खाली कुठं वाकून चेपली आहे का, हेही पाहा.

मग दाब मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मीटरभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधा आणि निम्मी पाण्यानं भरा. एक टोक डिपस्टिकच्या भोकात रबरी बूच किंवा टेप गुंडाळून हवाबंद बसवा, दुसरं उघडं ठेवा. फळी डिपस्टिकच्या पातळीच्या बरीच खाली ठेवा, म्हणजे उलटी ओढ लागली तरी पाणी इंजिनात जाणार नाही. इंजिन चांगलं तापू द्या आणि आयडलवर सोडा. तब्येत ठीक असेल तर दोन्ही बाजूंचं पाणी जवळपास एका पातळीत थरथरत राहतं. उघड्या बाजूचं पाणी दोन-तीन सेंटिमीटर वर चढून बसलं आणि रेस दिल्यावर आणखी चढलं, तर आत कोंडमारा आहे. ब्रीदर साफ केल्यावरही तेच दिसलं तर दोष रिंगांचा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, तपासा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. रिंगा गेलेल्या इंजिनावर पॅकिंगचा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बोअरचं काम, नाहीतर पुठ्ठाच बरा.

ऑइलची पातळी हाही याच सदरातला विषय. 'गळतंय तर थोडं जास्त भरू' म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे अर्धा-पाऊण लिटर ओतलं जातं. फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि गळती वाढते. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघावी. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल असावं. नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० या इंजिनाच्या फटींना फार पातळ पडतं.

इतकं झालं की गळती कुठली ते शोधायचं. तेल जिथून ठिबकतं तिथून ते गळत असेलच असं नाही. ते वरून खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं पुढून मागं पसरतं. त्यामुळे तपास नेहमी वरून आणि पुढून सुरू करायचा. डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो आणि कार्बोरेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून इंजिन रॉकेल आणि ब्रशनं धुवा. धुताना इंजिन गार असू द्या, रॉकेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं. फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा. मग संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर फुंकून पसरवा. पिशव्या काढून गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणा आणि टॉर्च व दाढीचा आरसा घेऊन बघा. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा. गाडी रात्री त्याच जागी उभी करून खाली पुठ्ठा टाका आणि पुढच्या चाकांच्या खुणा जमिनीवर करा. सकाळी डाग पुलीखाली आहे, डाव्या बाजूला आहे की बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या आवरणाखाली), हे नेमकं कळतं. बेल हाउसिंगखालच्या डागाचा वास घेऊन बघा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे आणि इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

रॉकर कव्हर. गॅरेजमध्ये याला टॅपेट कव्हर म्हणतात. दोन नटांवर बसतं, खाली कॉर्कचं पॅकिंग. गळायला लागलं की नट आवळतात, पुन्हा गळलं की आणखी आवळतात. मॅन्युअलप्रमाणे या नटांना ४ फूट-पौंड, म्हणजे साधारण ५.५ न्यूटन-मीटर एवढाच जोर द्यायचा आहे. त्याच्या दुप्पट दिला की पत्र्याचं कव्हर मधे दबतं आणि टोकांना उचलतं. कव्हर काढून जाड काचेवर किंवा सपाट लोखंडी पाटावर उपडं ठेवा आणि कडेखाली फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांचं, पान सरकवून बघा. पाव मिमीचं पान जात असेल तर कड लाकडी ठोकळ्यावर टेकवून हलक्या हातोडीनं सरळ करा. नटांखालची रबरी बुशं दगडासारखी झालेली असतात. तीही बदला, नाहीतर तेल नटाच्या मुळातूनच झिरपेल आणि दोष पॅकिंगला लागेल.

कॉर्क कपाटात पडून आटतं आणि नवं पॅकिंग छोटं वाटायला लागतं. ते ताणून बसवू नका, तुटेल. दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पूर्ववत होतं. पुसून कोरडं करा. चिकटवायचं ते फक्त कव्हरच्या बाजूला, रबर सोल्यूशनच्या पातळ थरानं. हेडच्या बाजूला फक्त ग्रीसचा हात. म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) सेट करायला कव्हर उघडलं तरी पॅकिंग शाबूत राहील.

बाजूची दोन झाकणं ही सर्वांत दुर्लक्षित जागा. इंजिनाच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट जोडणाऱ्या नळ्यांच्या) खाली, टॅपेटच्या पोकळीवर पत्र्याची दोन झाकणं असतात, पुढच्याला ब्रीदरची नळी. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट आड येत असल्यानं ती दिसत नाहीत, हातही नीट पोचत नाही. तिथून गळलेलं तेल ब्लॉकवरून ओघळत मागं जातं आणि बेल हाउसिंगच्या सांध्यावरून ठिबकतं. बघणारा म्हणतो, 'क्रँकचं मागचं सील गेलं.' मग गिअरबॉक्स उतरवला जातो, क्लच बदलला जातो आणि गळती तशीच राहते. मागच्या गळतीचं निदान करण्याआधी आरसा घालून ही झाकणं बघितलीच पाहिजेत.

झाकण मधल्या एकाच बोल्टवर धरलेलं असतं आणि त्याला फक्त २ फूट-पौंड, म्हणजे अडीच-पावणेतीन न्यूटन-मीटर जोर चालतो. लांब रॅचेटनं हा अंदाज येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरसारख्या मुठीला सॉकेट लावून मनगटानं आवळायचं आणि कॉर्क दबल्याचं जाणवलं की थांबायचं. जास्त आवळलं तर झाकण वाटीसारखं होतं: मध्य आत जातो, चारी कडा सुटतात. वाटी झालेलं झाकण मागून ठोकून सपाट करता येतं. बोल्टाखालचा फायबर वॉशर नवा हवा. काम नीट करायचं तर मॅनिफोल्ड काढावं लागतं, आणि ते काढावंच. हात वाकडा करून आंधळेपणानं बसवलेलं कॉर्क कुठंतरी दुमडतंच. मॅनिफोल्डचं पॅकिंग आधीच आणून ठेवा. ते जुनं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा: सुकं घासू नका, हवेच्या प्रेशरनं उडवू नका, ओलं करून खरवडा.

याच बाजूला मेकॅनिकल पेट्रोल पंप असतो. त्याच्या पॅकिंगमधून झिरपणं साधं आहे, नवं पेपर पॅकिंग आणि दोन बोल्ट सारखे आवळणं पुरतं. पण पंपाच्या अंगातल्या छोट्या भोकातून तेल येत असेल तर आतलं सील गेलंय आणि पंप उघडावा लागेल. तिथून पेट्रोल येत असेल तर डायफ्राम फाटलाय. अशा वेळी गाडी चालवू नका. पेट्रोल चेंबरमध्येही उतरत असतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. डिपस्टिक हुंगली की कळतं.

टायमिंग कव्हर पुढच्या पुलीमागं. जुन्या प्रकारात इथं फेल्टची म्हणजे नमद्याची गोल पट्टी असते, नंतरच्यात रबरी सील. फेल्ट कोरडं बसवलं तर पहिल्याच फेऱ्यांत जळून कडक होतं, बसवण्याआधी ते ऑइलमध्ये भिजवलं पाहिजे. बहुतेकांची चूक मात्र कव्हर मध्यावर बसवण्यात होते. बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. कव्हर आधी पूर्ण आवळून मग पुली घातली तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. योग्य रीत अशी: कव्हर पॅकिंगसह जागेवर धरा, सगळे बोल्ट बोटांनी लावा, पुलीच्या मानेला ऑइल लावून ती सीलमधून क्रँकवर सरकवा, कव्हर स्वतःच मध्यावर येऊ द्या, आणि मग बोल्ट समोरासमोरचे असे थोडेथोडे आवळत जा. छोट्या पाव इंची बोल्टांना ६ फूट-पौंड, मोठ्या पाच-सोळांशांना १४. पुली घालताना चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर अडकवणारा लोखंडी तुकडा, आणि तिची खाच नीट जुळवून घ्या, तिरकी घुसवलेली पुली सीलचा ओठ कापते.

आत क्रँकवर तेल झटकणारी पत्र्याची चकती असते. उघडलेलं इंजिन परत जोडताना ती उलटी बसते किंवा विसरली जाते. ज्या चकतीवर 'एफ' कोरलेला असतो ती बाजू पुढं, म्हणजे रेडिएटरकडे यायला हवी. ही चकती चुकली तर जगातलं कुठलंही सील तिथं टिकणार नाही. शेवटचं म्हणजे पुलीची मान. वर्षानुवर्षं सील घासून तिथं खोबण पडते. नखाला लागेल एवढी खोबण असेल तर लेथवाल्याकडून मानेवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या, किंवा सील कव्हरमध्ये एखादा मिलिमीटर मागेपुढे बसवून त्याला ताज्या जागी टेकवा.

ऑइल फिल्टर, प्रेशर पाइप, ऑइल प्रेशरचा स्विच ही मंडळी वेगळ्या जातीची. इथं तेल शिंतोडत नाही, ऑइल पंपाच्या दाबानं येतं, म्हणून इंजिन चालू असतानाच गळतं आणि बंद केलं की थांबतं. पेल्याच्या फिल्टरमध्ये वरच्या खोबणीत चौकोनी रबरी रिंग असते. जुनी रिंग काळी पडून खोबणीचाच भाग वाटते आणि तिच्यावर नवी बसवली जाते. पेला आवळला जातो, पण दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि इंजिन सुरू करताच चेंबरमधलं बरंचसं ऑइल मिनिटाभरात रस्त्यावर येतं. म्हणून खोबण टोच्यानं टोकरून बघा, आणि फिल्टर बदलल्यावर एकानं गाडी सुरू करावी, दुसऱ्यानं फिल्टरकडे टॉर्च धरावा. ऑइल प्रेशर गेजकडे जाणारी नळी ब्लॉकला घासत असेल तर तिला रबरी बूट घाला. स्विचच्या टर्मिनलपाशी ओल असेल तर स्विच बदला, दुरुस्त होत नाही.

चेंबर. ब्लॉकच्या दोन लांब बाजूंना पॅकिंगच्या पट्ट्या आणि पुढच्या-मागच्या मेन बेअरिंग कॅपच्या खोबणीत कॉर्कचे दोन अर्धगोल तुकडे. गळती बहुतेकदा त्या चार कोपऱ्यांतून, जिथं कॉर्क आणि पट्टी भेटतात. कॉर्कची टोकं ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर राहिली पाहिजेत. चेंबर आवळल्यावर ती दबून कोपरा भरतात. 'जास्तीचं' म्हणून ब्लेडनं कापली की तिथं फट पक्की. कोपऱ्यांत, आणि फक्त कोपऱ्यांतच, सिलिकॉनचा हरभऱ्याएवढा ठिपका चालेल. चेंबरच्या कडा बोल्टांच्या भोकांपाशी वर ओढल्या गेलेल्या असतात, त्या बसवण्याआधी ठोकून सपाट करा. बोल्टांना ६ फूट-पौंड, म्हणजे ८ न्यूटन-मीटर, मधून कडांकडे. चेंबरखाली जॅक लावण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. पत्रा आत जातो, पॅकिंग सुटतं, आणि खोलवर गेला तर ऑइल पंपाच्या जाळीलाही टेकतो. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर परत वापरायचा तर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो, पण नवा काही महाग नाही.

आता ती एकमेव जागा, जिच्याबाबत 'गळणारच' हे खरं आहे. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात रबरी सील नाहीच. 'मागचं सील बदलायचंय' म्हणून कुणी बिल हातात ठेवलं तर कोणतं सील बदललं ते दाखवायला सांगा. तिथं क्रँकवर तेल झटकणारा कंगोरा आणि त्यामागं उलटे आटे कापलेले आहेत. वरून ब्लॉक आणि खालून बेअरिंग कॅप यांचा गोल त्या आट्यांभोवती काही शतांश मिलिमीटरची फट ठेवून बसतो. क्रँक फिरतो तेव्हा आटे तेलाला पुढं, इंजिनात ढकलतात. जमा झालेलं तेल कॅपमधल्या नळीनं खाली चेंबरमध्ये उतरतं. ही रचना फक्त इंजिन फिरत असतानाच काम करते, आणि तीही आत जादा दाब नसेल तरच. गाडी बंद केल्यावर जे थोडं तेल वाटेत असतं ते एक-दोन थेंब बाहेर येणं हा तिचा स्वभाव आहे. चढावर, तोंड वर करून उभी केली की जरा जास्त.

दिवसाला दोन-तीन थेंब सोडून द्यावेत. बशीभर थारोळं असेल तर मात्र कारण शोधावं, आणि ते या क्रमानं: ब्रीदर (पुन्हा तोच), बाजूची झाकणं, मग बेल हाउसिंगखालचं भोक. बऱ्याच गाड्यांत त्या भोकात एक सैल कॉटर पिन लटकत असते. ती हलत राहून भोक उघडं ठेवते. कुणीतरी 'गळती बंद' करण्यासाठी हे भोक बुजवलं असेल तर तेल आत साचून क्लचवर उडतं आणि गाडी चढावर रेस घेते पण पुढं जात नाही. तेल प्यायलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसवतात. तो उपाय आठवडाभर टिकतो. प्लेट बदला.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर एकदाच सगळं बघून घ्या. फ्लायव्हील काढल्यावर मागची प्लेट आणि तिचं पॅकिंग, ऑइल गॅलरीचा (ब्लॉकमधल्या दाबाच्या तेलाच्या वाहिनीचा) प्लग, मागच्या कॅपची तेल उतरवणारी नळी गाळानं बुजली आहे का. गॅलरीच्या प्लगमधून गळणारं तेल दाबाचं असतं, भरभर येतं आणि दोष बिचाऱ्या आट्यांवर जातो. हे सगळं ठीक असूनही तेल येत असेल तर मेन बेअरिंगची झीज मोजावी लागेल. क्रँक खाली बसला की आट्यांभोवतीची फट वर मोठी आणि खाली शून्य होते, क्वचित धातू धातूला घासतो. ब्लॉक लाइन-बोअर करताना मध्य सरकला तरी हेच. इथं सिलिकॉन, शेलॅक, फेल्ट, काहीही कोंबून उपयोग नाही. आटे बुजले की ते तेल ढकलणंच बंद करतात. ब्रिटनमध्ये या घराण्याच्या इंजिनांना मागं रबरी ओठाचं सील बसवण्याचे संच मिळतात, पण त्यासाठी क्रँक बाहेर काढून अचूक मशीनिंग करावं लागतं. इंजिन पूर्ण उघडणार असाल तरच तो विचार करा.

सिलिकॉनबद्दल चार शब्द, कारण हल्ली तेच सगळीकडे चोपडलं जातं. चेंबरच्या कोपऱ्यांतला तो ठिपका सोडला तर कॉर्कवर ते लावूच नये. ओलं असताना ते वंगणासारखं काम करतं, बोल्ट आवळताच कॉर्क बाहेर निसटतं. आत पिळून आलेला त्याचा दोरा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. मग गळती थांबते खरी, पण प्रेशरही पडतं. पेपर पॅकिंगला पातळ शेलॅक पुरतं. शंका आली तर काहीच न लावता कोरडं, स्वच्छ बसवलेलं बरं.

बोल्टांचंही तसंच. या इंजिनाचे बहुतेक आटे इंची, यूएनएफ जातीचे आहेत. हरवलेल्या पाच-सोळांश बोल्टाच्या जागी एम-८ बोल्ट लावायचा मोह होतो. व्यास जवळपास सारखाच, पण इंचाला २४ आट्यांच्या भोकात १.२५ मिमी पिचचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. पुढं जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. बोल्ट घट्ट वाटतो, पॅकिंगवर दाब मात्र काहीच नसतो. अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ नंबरचा पाना ढिला बसून कडा खातो. इंची पान्यांचा एक संच घेऊन ठेवा, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो.

गाडीखाली जाताना ती नुसत्या जॅकवर नसावी. स्टँड लावा, चाकांना दगड लावा. हातमोजे घाला, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला घातक आहे. आणि काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६च्या घातक कचरा नियमांत ते मोडतं, बंद डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल अशा ठिकाणीच द्या.

सगळं जोडून झालं की इंजिन पूर्ण तापवा, बंद करून गार होऊ द्या, आणि कॉर्कवरचे नट-बोल्ट त्याच ठरलेल्या जोरानं एकदा तपासा. दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. त्यानंतर हात लावू नका, ओल दिसली तरी आधी ब्रीदरचा पाइप काढून फुंकून बघा.

आपला,
जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीत रमणारा एक वाचक,
पुणे